चिकणमातीची चकवाचकवी

किनाऱ्यावरून दिसणार नाही इतक्या दूर, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. 1974 साली ‘सागर सम्राट’ या खोदकाम-मंचाने तिथे तेल शोधले. साठा मुख्यतः चुनखडीत, पण मधूनमधून शेलचे, म्हणजे दबून घट्ट झालेल्या चिकणमातीचे, पातळ थर.

हे थर ओळखण्यासाठी तेलविहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदी म्हणजे लॉग. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, तेलातून नाही; खडकाच्या विद्युतरोधावरून त्यातले पाणी मोजणारे आर्चीचे 1942चे सूत्र यावरच उभे आहे. पण चिकणमातीही वीज वाहू देते! मग तेलाचा थरही पाण्याचा भासतो. म्हणून आधी खडकाचा नैसर्गिक किरणोत्सर्ग दाखवणारा गॅमा आलेख बघायचा: तो उजवीकडे सरकला की चिकणमाती जास्त, आणि तिचा वाटा वजा करूनच पाण्याचा हिशेब. अर्थात अभ्रक असलेली वाळूही गॅमा वाढवते. घनता आणि न्यूट्रॉन नोंदींशी ताडल्याशिवाय चिकणमातीचा तो आकडा खरा धरू नये.