गश्ती, परिपत्रक आणि विद्यार्थ्याचा आवाज

सातवीत असताना जुन्या जालन्यातील आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकात मी चार ओळी लिहिल्या होत्या. शाळेची पाण्याची टाकी पंधरा दिवसांपासून कोरडी आहे आणि डबा खाल्ल्यावर मुले शेजारच्या घरी पाणी मागायला जातात, एवढेच त्यात होते. मधल्या सुट्टीनंतर तो कागद भिंतीवर नव्हता. गुरुजी रागावले नाहीत. "तू लिहिलंस ते खरं आहे रे, पण असलं लावायचं नाही, असं वरून परिपत्रक आहे," एवढेच म्हणाले. ते परिपत्रक मी पाहिले नाही. बघायला मागावे, हे सुचण्याचे ते वयही नव्हते.

पुढे माझे शिक्षण बारावीवर थांबले. नोकरी सांभाळून हैदराबाद संस्थानाचा इतिहास वाचण्याची सवय मात्र लागली. त्या वाचनात 'गश्ती' हा शब्द वारंवार भेटू लागला. गश्ती म्हणजे खात्याने खाली फिरवलेले पत्र, म्हणजे आपले परिपत्रकच. सातवीतल्या त्या कागदाची आठवण तेव्हा पुन्हा जागी झाली आणि प्रश्न पडला : विद्यार्थ्याला गप्प बसवण्यासाठी असे एक पत्र पुरते का?

निजामाच्या राज्यात ते पुरत असे. 'गश्ती निशाण ५३' या आदेशाने सभा-संमेलनांवर परवानगीचे बंधन घातले होते. खासगी शाळा काढायची तर सरकारची मंजुरी लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्यच केले पाहिजे. पण मराठी, तेलुगू, कानडी मुलांना ती भाषा घरची नव्हती. प्रजेला हक्काची सनद नव्हती. त्यामुळे खात्याची गश्ती आणि राज्याचा कायदा यांत सामान्य माणसाच्या दृष्टीने फारसा फरक उरत नव्हता.

१९३८ साल या साऱ्याला तोंड फोडणारे ठरले. हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर काम सुरू करण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि मॅट्रिकनंतर शिकू पाहणाऱ्या इकडच्या मुलाला जवळचे ठिकाण म्हणजे औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज. नोव्हेंबरात त्या कॉलेजच्या वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. मुलांनी मनाई मानली नाही, संप झाला. नोव्हेंबरच्या अखेरीस तीच ठिणगी हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांत पोहोचली, गुलबर्ग्यालाही गेली. शेकडो विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि वर्गांतून काढून टाकण्यात आले. गोविंदभाई श्रॉफ तेव्हा औरंगाबादेत शिक्षक होते. मराठवाड्यातील पुढच्या लढ्याची एक पिढी या संपातून घडली.

काढून टाकलेला विद्यार्थी संस्थानात दुसरीकडे शिकू शकत नव्हता, कारण विद्यापीठ एकच होते. शिक्षा फक्त गाण्याची नव्हती, साऱ्या पुढच्या आयुष्याची होती. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश दिला. नागपूरला गेलेल्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. एका कुलगुरूने दार उघडले म्हणून अनेकांचे शिक्षण वाचले, हे कृतज्ञतेने लिहिले पाहिजे. पण हक्क असा कोणाच्या मोठ्या मनावर अवलंबून असेल, तर त्याला हक्क म्हणता येत नाही, हेही त्याच वेळी लक्षात घ्यायला हवे.

या कथेची एक बाजू आपण सहसा सांगत नाही. हे गीत म्हणण्याबद्दल अनेक मुस्लिम बांधवांच्या मनात तेव्हाही आक्षेप होता. १९३७ च्या ऑक्टोबरात काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरवले आणि त्याऐवजी दुसरे गीत म्हणण्याची मोकळीकही ठेवली. म्हणजे म्हणणाऱ्याचा हक्क आणि न म्हणणाऱ्याचा हक्क हे दोन्ही प्रश्न तेव्हाच एकमेकांना चिकटून उभे होते. दुसऱ्याचे उत्तर मिळायला जवळपास अर्धे शतक गेले.

ते उत्तर केरळमधून आले. तेथील एका शाळेत तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शिक्षण खात्याच्या सूचनांवरून २६ जुलै १९८५ रोजी त्यांना शाळेतून काढले गेले. उच्च न्यायालयात ती हरली. ११ ऑगस्ट १९८६ रोजी 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. या निकालातील दोन गोष्टी प्रत्येक शिक्षकाने वाचाव्यात अशा आहेत. एक, बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचे स्वातंत्र्य येते. दोन, हे स्वातंत्र्य मर्यादित करायचे तर त्यामागे कायदा हवा. खात्याच्या नुसत्या सूचना म्हणजे कायदा नव्हे.

दुसरा मुद्दा वाचताना माझ्या डोळ्यांपुढे गश्ती उभी राहिली. १९३८ मध्ये गाणारी मुले आणि १९८५ मध्ये न गाणारी मुले, दोघांविरुद्ध हत्यार एकच होते : वरून आलेला कागद. मधल्या काळात बदल झाला तो संविधानाने. अनुच्छेद १९(१)(क) मधील भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य नागरिकाला आहे आणि त्यात वयाची अट नाही. जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा ही शासनसंस्थेचाच भाग असल्याने तिलाही ते बांधून ठेवते. त्यावर निर्बंध कोणत्या कारणांनी घालता येतात, ते १९(२) मध्ये मोजून दिले आहे : देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी इत्यादी. मुख्याध्यापकांची अडचण हे कारण त्या यादीत नाही.

याचा अर्थ गणिताच्या तासाला कोणीही उठून भाषण ठोकावे असा नाही. कधी बोलायचे, किती वेळ बोलायचे, हे शाळा ठरवू शकते, ठरवलेच पाहिजे. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधून आलेल्या मुलांच्या बाजूने तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निकाल दिला; शाळेच्या कामात खरोखर व्यत्यय येत असेल तरच अडवता येईल, अशी कसोटी लावली. त्याच न्यायालयाने १९८८ मध्ये शाळेच्या स्वतःच्या वार्तापत्रातील मजकुरावर मुख्याध्यापकांना बरीच मोकळीक दिली. त्या कसोटीवर माझे भित्तिपत्रक बहुधा हरले असते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

हे सारे मांडण्याचे निमित्त आमच्या गल्लीतील आठवीची एक मुलगी. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात तिने मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही, असे वाक्य लिहिले होते. बाईंनी ते खोडले. "काका, त्यांना खोडता येतं का?" असे तिने विचारले. मी तिला सांगितले ते असे : कार्यक्रम शाळेचा, म्हणून भाषण आटोपशीर करायला बाई सांगू शकतात. पण तेच वाक्य तू अर्जात लिहिलेस, बालसभेत मांडलेस, तर त्यासाठी तुला शिक्षा करता येणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत, आणि कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. १९३८ च्या मुलांच्या हाती यातले काहीच नव्हते.

तिने अर्ज लिहिला. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. निघताना एक गोष्ट तेवढी सांगितली, जी मला सातवीत कोणी सांगितली नव्हती : वरून परिपत्रक आहे असे कोणी म्हटले, तर नम्रपणे म्हणायचे, "सर, ते वाचायला मिळेल का?"