तलावातील मासळी : पैसा कुठे घालावा, कुठे घालू नये

नगरच्या कापड बाजारात आमचे दुकान आहे. पुढे कापड आणि मागच्या फळीवर नायलॉनचे सूत व जाळी. पाऊस पडून तलाव भरू लागले की जाळीची गिऱ्हाईके येतात. त्यांत बहुतेक भोई बांधव असतात. पण अलीकडे दुसऱ्या प्रकारचे लोकही येऊ लागले आहेत. हे आपल्याच ओळखीचे असतात, कुणी भंगारवाले, कुणी बेकरीवाले. रविवारी मुलाबाळांना घेऊन एखाद्या तलावावर सैर करायला जातात, सांडव्यावरून पडणारे पाणी पाहतात, काठावर कुणाशी बोलणे होते आणि तो म्हणतो, "शेठ, आत्ता रक्कम द्या, या साली तलावात जेवढी मासळी निघेल ती तुमची." सौदा स्वस्त वाटतो. मग ते आम्हास विचारायला येतात की, तुम्ही या लाइनीतले, घ्यावा का?

आमचे उत्तर नेहमी 'नाही' असते. त्याची कारणे एकदा सविस्तर लिहावीत, म्हणून हा लेख.

प्रथम तलाव म्हणजे काय ते पाहू. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (नाव बदलले तरी बाजारात आपण सारे नगरच म्हणतो) तलावांची चाल जुनी आहे. नगर तालुक्यातील मेहकरी नदीवरचा भातोडीचा तलाव मूळचा निजामशाहीतला. मुर्तजा निजामशाहचा वजीर सलाबतखान याने तो बांधला. याच सलाबतखानाची कबर शहा डोंगरावर आहे, आणि लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. १६२४ साली मलिक अंबरने मोगल व आदिलशाही फौजांना भातोडीजवळ गाठले, तेव्हा या तलावाचे पाणी सोडून त्यांची वाट चिखलाची करून टाकली होती. पुढे १८७० च्या दशकात इंग्रजांनी हा बांध दुरुस्त करून शेतीसाठी पुन्हा वापरात आणला. म्हणजे तलाव हा आधी शेतीचा आणि पिण्याचा आहे. मासळी त्यात नंतर येते. पाण्यावर पहिला हक्क मासळीचा नसतो, ही गोष्ट पैसा घालणाऱ्याने सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. कालव्याचे आवर्तन सुटले की पाणी उतरते. दुष्काळ पडला की सरकार उरलेले पाणी पिण्यासाठी राखून ठेवते. त्या वेळी मासळीवाल्याला कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

दुसरी गोष्ट, मासळी आपोआप होते ही समजूत. मरळ, शिंगी, वाम असे गावरान मासे तलावात आपोआप असतात हे खरे, पण बाजारात ज्याला वजनाने भाव आहे तो रोहू, कटला आणि मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. त्याला पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून दरवर्षी बी सोडावे लागते. पूर्वी हे बी नद्यांतून गोळा करून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाला इंजेक्शन देऊन तळ्यातच अंडी घालवण्यात यश मिळवले, तेव्हापासून केंद्रावर बी तयार होऊ लागले. आजही १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. बियाच्या तीन अवस्था आहेत. अगदी बारीक ते मत्स्यजिरे, थोडे वाढलेले ते मत्स्यबीज आणि बोटाएवढे झाले की बोटुकली. तलावात आधीचे मोठे मासे असतात आणि ते लहान बी खाऊन टाकतात, म्हणून तलावात बोटुकलीच सोडावी. महाग पडते, पण जगते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही जाती एकत्र सोडतात, म्हणजे एकमेकांच्या तोंडचा घास कुणी काढत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेली बोटुकली नोव्हेंबरात पाव ते अर्ध्या किलोची होते. तीच पाण्यात राहिली तर उन्हाळ्यापर्यंत किलोच्या आसपास जाते आणि कटला त्याहूनही भरतो. मोठ्या माशाला किलोमागे भावही जास्त मिळतो. म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल एवढे थांबण्यातच या धंद्याचा सारा नफा आहे. आता ज्याने ऑगस्टमध्ये रोख रक्कम मोजली आहे, तो थांबेल का? तो दिवाळीलाच दारात उभा राहतो. मासेमार मग बारीक जाळे टाकतो आणि पाव किलोचा मासा काढून देतो. उचल जेवढी मोठी, तेवढा जाळ्याचा आस लहान होत जातो. हे आम्ही दुकानात बसूनच पाहिले आहे. कोणत्या सोसायटीवर कर्जाचा बोजा आहे, ते ती कोणत्या आसाची जाळी मागते यावरून आम्हास कळते.

हा धडा आम्हास फुकट मिळालेला नाही. २०१८ साली आम्ही एका तलावावरच्या सोसायटीला जाळी उधार दिली, वर थोडी रोख रक्कमही दिली आणि मासळी आपल्यालाच मिळेल असे तोंडी ठरवून घेतले. त्या साली पाऊस दगा देऊन गेला आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने राज्यातील अनेक तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. तलाव निम्मासुद्धा भरला नव्हता. आम्ही घाबरून तगादा लावला. त्यांनी जे निघेल ते काढले. हातभर लांबीचा मासा एकही नव्हता. जानेवारीत तलावाची डबकी झाली आणि उरलेले मासे बगळ्यांनी खाल्ले. आमची रक्कम बुडाली ती बुडाली, पण त्या लोकांचे बियाचे पैसेही आमच्या घाईमुळे वाया गेले. थोडे थांबलो असतो तरी पाणी वाढले नसते हे खरे आहे. पण जेवढे पाणी होते तेवढ्या दिवसांत मासा आणखी भरला असता.

पाण्यातला न पकडलेला मासा विकणे आपल्या फिकहच्या किताबांत 'गरर' म्हणून नाजायज ठरवले आहे. माल किती आहे, कसा आहे, हाती येईल की नाही, यातले काहीच ठाऊक नसताना केलेला हा सौदा. आम्ही हे मदरशात नव्हे, शाळेत असताना वडिलांच्या तोंडून ऐकले होते, आणि पन्नाशी उलटायला आली तेव्हा त्याचा हिशेब समजला.

तिसरी गोष्ट हक्काची. तो काठावरचा माणूस मासळी विकतो आहे खरा, पण ती विकण्याचा त्याला अधिकार आहे का? जलसंपदा खात्याचे तलाव, जिल्हा परिषदेचे पाझर तलाव आणि ग्रामपंचायतीचे गावतळे यांचे कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांत असतात. मोठ्या तलावांचा मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि तो मुदतीचा असतो. संस्थेच्या नावावर ठेका आणि मागे पैसा दुसऱ्याचा, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो. तो बेकायदा तर आहेच, शिवाय ज्या भोई कुटुंबांसाठी संस्था काढली त्यांना स्वतःच्याच तलावावर मजूर बनवणारा आहे. आपल्यापैकी कुणी त्यात पडू नये. ठरावाची नक्कल आणि ठेक्याची मुदत पाहिल्याशिवाय मासळीचाही सौदा करू नये.

मग पैसा कुठे घालावा? आमच्या मते पाण्यात घालू नये, पाण्याच्या काठावर घालावा.

जाळ्याचेच घ्या, कारण त्यातले आम्हास जास्त कळते. पूर्वी जाळी सुताची किंवा तागाची असत. ती पाण्यात कुजत, म्हणून रोज वाळवावी लागत. नायलॉन कुजत नाही. कापडवाल्यांना डेनिअर ठाऊकच आहे, ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. जाळ्याचे सूत २१० डेनिअरचे असते. २१०/२/३ असे लिहिले असेल तर दोन धाग्यांचा एक पीळ आणि अशा तीन पिळांचे सूत समजावे. जाळी थानाने नव्हे, किलोने विकली जाते. आणि ती विणलेली मिळाली तरी 'जाळे' होत नाही. तिला दोरीवर चढवावे लागते, वर बूच, खाली शिशाच्या किंवा सिमेंटच्या गोळ्या. ताणून शंभर मीटर भरणारी जाळी साधारण पन्नास मीटर दोरीवर बसवतात, परकराला चुण्या घालतात तशी. चुण्या कमी घातल्या तर जाळी ताठ राहते आणि मासा आपटून परत फिरतो. योग्य घातल्या तर डोके आत जाते आणि कल्ल्यात दोरा अडकतो. हे बसवण्याचे काम हाताचे आहे, बारकाईचे आहे आणि घरी बसून करता येते. आमच्याकडे दोन घरच्या बायका हे काम करतात. वजनावर विकलेल्या जाळीपेक्षा बसवलेल्या जाळ्याला भाव चांगला मिळतो, आणि त्यात फरक मजुरीचाच असतो.

एकपदरी तंगुसाची पांढरी जाळी अलीकडे फार खपते, कारण ती स्वस्त असते आणि पाण्यात दिसत नाही. आम्हीही ती ठेवतो. पण ती तुटून पाण्यात राहिली की कुजत नाही आणि त्यात मासे व पाणकोंबड्या अडकून मरत राहतात. फाटकी जाळी परत आणणाऱ्याला नव्या जाळीवर आम्ही थोडी सूट देतो.

काठावरचा दुसरा धंदा बर्फाचा. उन्हाळ्यात निघालेला मासा तीन-चार तासांत उतरू लागतो. नगरच्या बाजारात तो लाल कल्ल्याचा आणि उजळ डोळ्यांचा पोचला तरच भाव टिकतो. मासळीच्या वजनाइतका बर्फ, झाकणाचे खोके आणि पहाटेची गाडी, एवढे ज्याच्याकडे आहे त्याने काठावर तोलून त्या दिवसाच्या दराने रोखीने मासळी घ्यावी. यात उचल नाही, बुडीत खातेही नाही. मासेमारालाही दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायची मोकळीक राहते, आणि आपण दर नीट दिला तर तो जात नाही.

आता सैरसपाट्याविषयी. भंडारदऱ्याकडे बोट दाखवून लोक म्हणतात, तिथे पाहा, किती हॉटेले झाली. प्रवरेवरचे ते धरण १९२६ साली पूर्ण झाले, अकोले तालुक्याच्या घाटात पाऊस भरपूर आहे, आणि मुंबई, पुणे, नाशिकची गर्दी काजवे पाहायलासुद्धा येते. आपल्या नगर, पारनेर, श्रीगोंद्याच्या लहान तलावांना तो हिशेब लागू नाही. इथे लोक येतात ते सांडवा वाहतो तेव्हा, ऑगस्ट-सप्टेंबरात. आणि मासळी निघते ती फेब्रुवारीनंतर. म्हणजे तळलेल्या माशाची गाडी लावणाऱ्याला गर्दीच्या महिन्यांत या तलावाचा मासा मिळतच नाही, तो बाहेरून आणावा लागतो. हे न समजल्याने एका ओळखीच्या तरुणाची गाडी दीड महिन्यात बंद पडली.

गळ टाकणाऱ्या शौकिनांचे मात्र जमू शकते. मुंबईच्या पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळवाल्यांची संस्था बरीच वर्षे काम करते आहे. लहान तलावावरही ठेकेदार संस्थेने हिवाळ्यातील रविवारी दिवसाची फी घेऊन गळ टाकू द्यावा, मोजके मासे नेऊ द्यावेत, यात कुणाचे नुकसान नाही. कणकेचा गोळा लावून बसलेला माणूस दिवसभरात फार मासे काढत नाही, पण चहा चार वेळा पितो. फी न देता बसणे मात्र चोरीच समजावी. सुरुंग किंवा विष टाकून मासे मारणे तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एक पाहावे. २०१७ पासून गाळमुक्त धरण योजनेत पुष्कळ तलावांतला गाळ यंत्राने काढला गेला. शेतांचे भले झाले, पण तळाला खोल खड्डे पडले. गुडघाभर पाण्यातून पुढे पाऊल टाकावे आणि एकदम डोक्यावर पाणी यावे, असे आता होते. भोई बांधव काठावर असतील तर आधी त्यांना विचारावे, कुठे उतार आहे आणि कुठे नाही.

ज्यांना मासळीच वाढवायची हौस आहे आणि शेतीही आहे, त्यांनी स्वतःच्या शेततळ्यात करावी. पाणी आपले, हक्क आपला, केव्हा काढायचे तेही आपल्या हाती. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आहे. सवलती कोणत्या आणि कुणाला, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चालू वर्षाचे कागद पाहून ठरवावे. फक्त उन्हाळ्यात ढगाळ हवा असेल तर पहाटे तळ्यावर फेरी मारावी. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की पाण्यातला प्राणवायू कमी झाला असे समजून लगेच पंप लावून पाणी खेळवावे. दिवस उजाडेपर्यंत थांबलात तर सगळे तळे पांढरे दिसेल.

जाळी घ्यायला येणाऱ्यांनी तलावाची खोली आणि मासा किती किलोचा काढायचा, एवढे सांगावे म्हणजे आस ठरवता येतो. आस मोजताना जाळी ताणून गाठीपासून गाठीपर्यंत मोजावा, नाहीतर निम्माच भरतो. आणि जाळे घरी नेल्यावर पत्र्यावर उन्हात पसरून ठेवू नये. नायलॉन पाण्याला दाद देत नाही, पण उन्हाने दोन हंगामांत कच्चे होते. धुऊन, सावलीत वाळवून पोत्यात भरून ठेवावे, आणि पोते उंदरांपासून उंचावर टांगावे.