सिव्हिल घेतलंस? का गं?

*डिग्री हातात पडायच्या आधीच प्रश्न उभा राहतो: साइट की सॉफ्टवेअर? हेल्मेटवाल्या करिअरची ही आतली गोष्ट.*

तुम्ही मरोळ नाक्याला मेट्रो ३ पकडता, एसीत उभ्या उभ्या मेल चेक करता आणि चर्चगेटला उतरता. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण सुरू झालेली ही ३३.५ किलोमीटरची लाइन मुंबईच्या पोटातून कशी नेली असेल, असा विचार कधी डोक्यात आलाय? नसेलच आला. सिव्हिलवाल्यांचं हेच तर दुखणं! काम चोख झालं की कुणाच्या लक्षात येत नाही, आणि एक खड्डा पडला की अख्खं शहर शिव्या घालतं.

माझी मावसबहीण पुण्यात सिव्हिलच्या फायनल इयरला आहे. अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा सोसायटीतल्या प्रत्येक काकूनं तिला एकच प्रश्न विचारला, “कम्प्युटर नाही मिळालं का?” खरं तर पुण्याला हा प्रश्न शोभत नाही. सरकारी बांधकाम खात्याला माणसं हवीत म्हणून १८५४ मध्ये इथे जे इंजिनीअरिंगचं शिक्षण सुरू झालं, तेच आजचं सीओईपी. विश्वेश्वरय्या इथलेच. पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे खडकवासल्याला बसले. त्यांचा वाढदिवस, १५ सप्टेंबर, आपण इंजिनीअर्स डे म्हणून साजरा करतो.

२८ दिवसांचा पेशन्स

बहिणीबरोबर एक दुपार काँक्रीट लॅबमध्ये काढली. ३०० मिलिमीटर उंचीचा लोखंडी कोन, त्यात तीन थरांत काँक्रीट, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके. मग कोन उचलायचा आणि ढीग किती खचला ते मोजायचं. हीच ती स्लंप टेस्ट. शेजारी पाण्याच्या टाकीत १५० मिलिमीटरचे क्यूब बुडवून ठेवलेले. काही सातव्या दिवशी फोडायचे, काही अठ्ठाविसाव्या. “एम २५ म्हणजे २८ दिवसांनी २५ मेगापास्कल,” ती म्हणाली. “घाई केली तर काँक्रीट ऐकत नाही, ताई.” आमच्या डेडलाइनवाल्या धंद्यात असं कुणी बोललं असतं तर!

ऑफर लेटर आलं, आणि…

खरी परीक्षा प्लेसमेंटला झाली. कुठल्याही ब्रँचचे विद्यार्थी घेणाऱ्या एका आयटी कंपनीनं तिला सिलेक्ट केलं. त्याच महिन्यात एका कॉन्ट्रॅक्टरकडून साइट इंजिनीअरची ऑफर. पगार कमी, सुट्टी रविवारची एकच, आणि स्लॅब असेल तर तीही गेली. घरी वादळ! काकांचं म्हणणं सरळ होतं, “एज्युकेशन लोन मी फेडतोय. एसीतली नोकरी सोडून उन्हात कशाला?” मावशीची काळजी वेगळीच. साइटवर पोरीला धड टॉयलेट तरी असेल का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. इंटर्नशिपच्या साइटवर बायकांसाठी टॉयलेटच नव्हतं. ही दिवसभर पाणी कमी प्यायची. मुकादम हिचं ऐकण्याआधी शेजारच्या मुलाकडे बघायचा. एकदा स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी सळयांखालचे कव्हर ब्लॉक कमी दिसले, तेव्हा हिनं काम थांबवलं. कव्हर नाही तर सळईला गंज, आणि गंज म्हणजे पुढे स्लॅबला तडे. मुकादम कुरकुरला, पण ब्लॉक लावले. दुसऱ्या दिवसापासून “मॅडम, चेक करता का?” सुरू झालं.

मग ठरलं काय?

तिनं साइट घेतली. पण अटी घालून. जॉइन होण्याआधीच टॉयलेट आणि राहण्याची सोय स्पष्ट विचारली आणि उत्तर ईमेलवर मागून घेतलं. काकांना दोन वर्षांचा हिशेब कागदावर दाखवला, लोनच्या हप्त्यातला तिचा वाटा धरून. शिवाय फेब्रुवारीत गेट देणार. काका अजून पूर्ण खूश नाहीत, पण सेफ्टी शूज त्यांनीच आणून दिलेत.

तुम्हीही सिव्हिलवाले? मग हे वाचाच!

• गेट: तीन तास, ६५ प्रश्न, १०० मार्क. स्कोअर तीन वर्षं चालतो. एमटेकला उपयोगी, आणि काही सरकारी कंपन्या भरतीसाठीही तो बघतात.

• सरकारी नोकरी: राज्यातल्या बांधकाम आणि जलसंपदा खात्यांसाठी एमपीएससी, केंद्रासाठी यूपीएससीची इंजिनीअरिंग सर्व्हिसेस. अभ्यास बराचसा सारखा, तेव्हा एकत्र करा.

• सॉफ्टवेअर: ऑटोकॅड यायलाच हवं. डिझाइनला जायचंय तर स्टॅड प्रो किंवा ईटॅब्स, प्लॅनिंगला प्रायमावेरा. सगळ्यांचे क्लास लावत बसू नका, लाइन ठरवा आणि एक नीट शिका.

• आयएस ४५६: काँक्रीटचा हा कोड फक्त परीक्षेपुरता उघडू नका. इंटरव्ह्यूत कव्हर, क्युरिंग असे साधे प्रश्नच दांडी उडवतात.

• इंटर्नशिप: सर्टिफिकेटपेक्षा डायरी महत्त्वाची. आज काय ओतलं, किती सळई लागली, काय चुकलं, रोज लिहा.

आणि उद्या मेट्रोत बसाल तेव्हा एकदा मोबाइल खाली ठेवून खिडकीबाहेर बघा. अंधारच दिसेल, पण तो कुणीतरी मोजून-मापून खोदलाय!