एका गोळ्याच्या भरवशावर
रुग्णालयातील पोलादी ‘बॉल व्हॉल्व्ह’चे कार्य व महत्त्व

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, नव्याने दाखल झालेली यंत्रे आणि दात्यांची नावे यांना साहजिकच अग्रस्थान मिळते. भिंतीत, गच्चीवर आणि तळघरात पसरलेल्या नळजोडण्यांविषयी व त्यांवरील झडपांविषयी मात्र सहसा लिहिले जात नाही. ‘स्टेनलेस स्टीलचे बॉल व्हॉल्व्ह’ अशी ओळ खर्चाच्या तक्त्यात दिसली म्हणजे अनेक हितचिंतक विचारतात, “बाजारात याहून स्वस्त झडपा मिळत असताना हा खर्च कशासाठी?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सविस्तर देणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

एप्रिल २०२१ चे स्मरण

प्राणवायूची किंमत नागपूरकरांना वेगळी सांगावयास नको. २३ एप्रिल २०२१ रोजी विशाखापट्टणमहून द्रवरूप प्राणवायूचे सात टँकर घेऊन निघालेली देशातील पहिली ‘ऑक्सिजन एक्सप्रेस’ नागपुरात पोहोचली. त्यांपैकी तीन टँकर येथे उतरविण्यात आले व उरलेले चार नाशिककडे रवाना झाले. त्याच्या दोनच दिवस आधी, २१ एप्रिल रोजी, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टँकरमधून टाकी भरली जात असताना गळती झाली, रुग्णांकडे जाणाऱ्या वायूचा दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण दगावले. वायू शेकडो मैलांवरून येऊन दारी उभा राहिला, तरी तो खाटेपर्यंत नेणारी नळी, सांधा आणि झडप यांपैकी एक जरी दुबळी असली, तरी सारे परिश्रम व्यर्थ जातात, हा धडा त्या आठवड्याने महाराष्ट्राला दिला.

रचना कशी असते?

बॉल व्हॉल्व्हची रचना विलक्षण साधी आहे. झडपेच्या पोटात पोलादाचा एक गुळगुळीत गोळा असतो व त्याच्या आरपार एक छिद्र असते. गोळ्याच्या दोन्ही अंगांना टेफ्लॉनसारख्या मऊ पदार्थाच्या दोन कड्या बसविलेल्या असतात. त्यांना ‘सीट’ म्हणजे बैठक म्हणतात. वरून येणाऱ्या दांड्याचे चपटे टोक गोळ्याच्या माथ्यावरील खाचेत बसते व दांड्याच्या वरच्या टोकाला मूठ असते. मूठ नळीच्या दिशेत असली म्हणजे छिद्र नळीच्या रेषेत येते आणि प्रवाह मोकळा वाहतो. मूठ काटकोनात वळविली की छिद्र आडवे होते आणि प्रवाहासमोर गोळ्याची भरीव बाजू येते. एवढ्या पाव फेऱ्यात काम संपते. जुन्या चाकाच्या झडपेला अनेक फेरे द्यावे लागतात आणि ती उघडी आहे की बंद, हे बाहेरून पाहून कळत नाही. येथे मात्र मुठीकडे पाहताच रात्रपाळीच्या परिचारिकेलाही झडपेची स्थिती समजते.

गोळा ‘तरंगतो’ म्हणजे काय?

या प्रकारच्या झडपेतील गोळा कोठेही खिळलेला नसतो. दांड्याचे टोक खाचेत सैलसर बसलेले असल्यामुळे झडप बंद असताना गोळा नळीच्या दिशेने किंचित सरकू शकतो. म्हणूनच त्याला ‘तरंगता’ गोळा म्हणतात. झडप बंद केली की मागून येणारा दाब गोळ्याला पुढे ढकलतो आणि पुढच्या मऊ बैठकीवर दाबून धरतो. ज्या दाबाला अडवायचे, तोच दाब अडविण्याच्या कामाला लागतो. दाब वाढेल तशी बैठक अधिक घट्ट होते. दाब अगदी कमी असेल तेव्हा बैठकींना जोडणीच्या वेळी दिलेला ताण गळती थोपवितो.

एक लहानसा हिशेब पाहू. नळीचे छिद्र २५ मिलिमीटर आणि दाब ४ बार असेल, तर गोळ्यावर सुमारे २० किलो वजनाइतका रेटा येतो. हा रेटा बैठक सहज पेलते व मूठही हाताने फिरते. मात्र छिद्र १५० मिलिमीटरचे आणि दाब २० बारचा असेल, तर हाच रेटा साडेतीन टनांवर जातो. तेवढ्या भाराखाली बैठक झिजते आणि मूठ फिरविणे दुरापास्त होते. म्हणून मोठ्या व उच्च दाबाच्या वाहिन्यांत गोळा वर-खाली खुंट्यांवर टेकविलेला असतो. रुग्णालयाच्या बहुतेक वाहिन्यांचे माप व दाब तरंगत्या गोळ्याच्या आवाक्यातले असतात.

या झडपेची एक मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. ती पूर्ण उघडी वा पूर्ण बंदच असावी. अर्धवट उघडी ठेवल्यास अरुंद फटीतून वेगाने निसटणारा प्रवाह मऊ बैठक कुरतडतो आणि पुढे ती झडप कधीच पुरती बंद होत नाही. प्रवाह कमी-जास्त करण्यासाठी वेगळी झडप वापरावी लागते.

पोलाद कोणते आणि कोठे?

स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ संरक्षक थर निर्माण करते. ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा तयार होतो. ‘३०४’ प्रतीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ‘३१६’ प्रतीत त्याखेरीज २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. क्लोराईडमुळे पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना ही दुसरी प्रत अधिक दाद देत नाही. फरशी पुसण्याचे ब्लीचिंगचे पाणी जेथे वारंवार उडते, तेथे हा फरक काही वर्षांत डोळ्यांना दिसतो.

प्रत्येक ठिकाणी पोलादच हवे, असेही नाही. वॉर्डांपर्यंत जाणाऱ्या वायुरूप प्राणवायूच्या नळ्या तांब्याच्या असतात व त्यांवर पितळी बॉल व्हॉल्व्ह उत्तम काम देतात. पोलादाची खरी कसोटी द्रवरूप प्राणवायूच्या बाजूला लागते. तेथील तापमान उणे १८३ अंश सेल्सिअस असते. इतक्या थंडीत साधे लोखंड काचेसारखे ठिसूळ होते, तर या जातीचे स्टेनलेस स्टील आपला चिवटपणा टिकवून ठेवते.

येथे आणखी एक बारकावा आहे. द्रवरूप प्राणवायूचे वायूत रूपांतर झाले की एका लिटरचे सुमारे ८६० लिटर होतात. झडप बंद करताना गोळ्याच्या पोकळीत थोडा द्रव अडकून राहिला आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो तापू लागला, तर आतील दाब झडप फोडू शकेल इतका वाढतो. म्हणून अशा झडपेच्या गोळ्याला एक बारीक भोक पाडलेले असते. झडप बंद असताना ते टाकीकडील बाजूस उघडते आणि वाढलेला दाब तिकडे परत जातो. परिणामी ही झडप एकाच दिशेने बसवावी लागते. तिच्या अंगावरील बाण त्यासाठीच असतो. बाण उलटा बसला तर ती सुरक्षा नाहीशी होते.

प्राणवायूची पथ्ये

शुद्ध प्राणवायूच्या सान्निध्यात तेल व ग्रीस क्षणात पेट घेऊ शकतात. त्यामुळे या वाहिनीवरील झडपा तेलविरहित स्वच्छ करून, मोहोरबंद पिशवीतून येतात आणि बसविण्याच्या वेळीच पिशवी उघडतात. पाण्याच्या नळाला सूत व सफेदा लावून आटे घट्ट करण्याची कारागिरांची रीत येथे सर्वथा वर्ज्य आहे. तसेच सिलिंडरच्या उच्च दाबाच्या बाजूला झटकन उघडणारी झडप बसवीत नाहीत. एकाएकी दाबला गेलेला वायू तापतो व आगीचे निमित्त ठरू शकतो. तेथे सावकाश उघडणारीच झडप हवी.

हिशेब खर्चाचा

१०,००० लिटर द्रवरूप प्राणवायूच्या टाकीतून सुमारे ८६ लाख लिटर वायू मिळतो. मिनिटाला १० लिटर प्राणवायू लागणाऱ्या रुग्णाला दिवसाला १४,४०० लिटर लागतात. म्हणजे ही टाकी अशा ६० रुग्णांना सुमारे दहा दिवस पुरेल. याउलट ७,००० लिटरचा एक मोठा सिलिंडर एका रुग्णालाही बारा तास पुरत नाही. टाकीची ही शक्ती ज्या मोजक्या झडपांमधून रुग्णापर्यंत येते, त्यांची किंमत टाकीच्या तुलनेत नगण्य असते. तेथे केलेली काटकसर ही खरी काटकसर नव्हे.

वॉर्डाबाहेरील काचेच्या पेटीत जी झडप असते, तिच्याने एकाच विभागाचा पुरवठा तोडता येतो. त्यामुळे दुरुस्ती वा आगीच्या प्रसंगी उरलेल्या विभागांचा प्राणवायू चालू राहतो. तत्पूर्वी त्या विभागातील रुग्णांना सिलिंडर जोडलेले असणे मात्र अत्यावश्यक आहे. म्हणून ही पेटी उघडण्याचा अधिकार केवळ प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना असावा.

रुग्णांच्या नातेवाइकांना या निमित्ताने एक नम्र विनंती आहे. भिंतीवरील मुठींना पिशव्या वा टॉवेल अडकवू नयेत, लहान मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नये आणि पेटीसमोर सामान ठेवू नये. पाव फेरा फार थोडा असतो. कोठे फुसफुस असा आवाज आला, तर स्वतः मूठ न फिरविता तत्काळ परिचारिकेस कळवावे.

दात्यांनी दिलेल्या यंत्रांवर नामफलक लागतात. झडपेवर फलक लावण्यास जागा नसते. परंतु मध्यरात्री एखाद्या खाटेवरील रुग्णाचा श्वास अखंड चालू राहतो, तेव्हा त्या दानाची पोच मिळालेली असते.