तणमोराचा हंगाम

रतलाम-धारकडच्या आपल्या मंडळींनी ‘खरमोर’ हे नाव ऐकले असेल. मराठीत तोच तणमोर. नावात मोर असला तरी तो मोराच्या कुळातला नाही. माळढोकाचा हा धाकटा भाऊबंद, आकाराने फार तर कोंबडीएवढा.

उन्हाळ्यात माळव्याच्या माळावर तो शोधूनही सापडायचा नाही. जून-जुलैत पाऊस लागला आणि गवत गुडघ्याला आले, की तो प्रकटतो. नराचे डोके, मान व पोट आता काळे झालेले असते आणि कानामागे बारीक पिसांचे तुरे फुटलेले असतात. पण एवढा नटूनही उंच गवतात तो मादीला दिसणार कसा? म्हणून तो उडी मारतो. सरळ वर, माणसाच्या उंचीइतकी. पंख फडफडवीत, बेडकासारखा टर्र आवाज करीत, आणि पुन्हा त्याच जागी खाली. दिवसभरात अशा शेकडो उड्या होतात. मादी मात्र रंगाने मातकट, अंगाने नराहून थोराड. ती गवतात जमिनीवरच तीन-चार अंडी घालून मुकाट्याने बसते.

शिकाऱ्याचे फावले ते या उडीमुळेच. एरवी न दिसणारा पक्षी ऐन विणीच्या काळात आपला पत्ता आपणच सांगत असे. इंग्रज साहेबांनी तो याच दिवसांत भरपूर मारला. एकोणिसाव्या शतकातही खुद्द शिकाऱ्यांपैकी काहींना ही रीत रुचत नव्हती, पण बंदुका थांबल्या नाहीत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आली.

तरीही पक्षी घटतच गेला, आणि याचे कारण मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. पूर्वी माळव्यातली पुष्कळ काळी जमीन पावसाळ्यात पडीक असे आणि गहू-हरभरा पुढे रब्बीत पेरला जाई. गवताची बिडे तर पाऊस सरल्यावरच कापली जात. तोवर पिल्ले चालती झालेली असत. १९७०नंतर सोयाबीन पसरले, आणि ते पावसाळी पीक. ज्या चार महिन्यांत तणमोराला जमीन हवी, नेमक्या त्याच महिन्यांत तिच्यावर नांगर, मजूर आणि फवारणी आली. शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. एकाऐवजी दोन पिके कोणाला नको असतील?

१९८३मध्ये सैलाना आणि सरदारपूर ही दोन अभयारण्ये खास या पक्ष्यासाठी झाली. सरदारपूरच्या हद्दीत खासगी शेते आली, त्यांची खरेदी-विक्री अडली, आणि गावकऱ्यांच्या लेखी हा पक्षी म्हणजे मुलीच्या लग्नात जमीन विकू न देणारी अडचण होऊन बसला. सैलान्यात वन खात्याने वेगळी वाट धरली: आपल्या शेतात खरमोर दिसल्याचे कळवणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस. इकडे अकोला-वाशीम भागात पिढ्यान्‌पिढ्या फासे लावणारे फासेपारधीच आता तणमोराची ठिकाणे हुडकून राखण करतात. गवतातला नर कुठे उडी मारील, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार!