'द्या काय द्यायचं ते' म्हणणं बंद करा: खिडकीच्या एका कडीतून शिकलेला धंदा



कमी भांडवलात कोणता धंदा करता येईल, हा प्रश्न तुम्ही मला दर आठवड्याला विचारता. आज माझ्या स्वतःच्या घरातलं एक उदाहरण सांगतो. यात एक चूक माझीही आहे, ती झाकून ठेवणार नाही.

जळगावला आमच्या घरी तळमजल्यावरच्या खोलीला यूपीव्हीसीची सरकती खिडकी आहे. पांढरी, दोन शटरची. एप्रिलमध्ये तिची कडी तुटली. लॉकचा खटका सरळ आईच्या हातात आला. आईने शटरला नाडी बांधली आणि ती खिळ्याला अडकवून ठेवली. लग्नसराईचे दिवस होते, दोन दिवस घर बंद ठेवून गावी जायचं होतं. बाहेरून नुसतं ढकललं की उघडणारी खिडकी मागे ठेवून कोण निवांत जाणार?

खिडक्या बसवून देणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, एका खिडकीसाठी माणूस पाठवणं परवडत नाही." दुसऱ्याने फोटोही न बघता सांगितलं, "अख्खं शटरच बदलावं लागेल." तिसऱ्याने फोनच उचलला नाही. विचार करा, पीव्हीसी पाइपांसाठी देशभर ओळखलं जाणारं आपलं जळगाव, आणि पीव्हीसीच्या खिडकीची एक कडी बसवायला माणूस मिळेना!

शेवटी ओळखीतून एक मुलगा मिळाला. वय चोवीस-पंचवीस. चार वर्षं एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात हेल्पर होता, तिथलं काम सुटलं होतं. गाडीच्या डिकीत दोन स्क्रू ड्रायव्हर, एक टेप आणि पक्कड. एवढंच त्याचं दुकान.

कडी तुटत नसते, तोडली जाते

आल्या आल्या त्याने कडीला हात लावला नाही. आधी शटर चार वेळा सरकवून बघितलं. मग म्हणाला, "मावशी, ही खिडकी लावताना जोर द्यावा लागत होता ना?" आई म्हणाली, "वर्षभरापासून!"

इथेच त्याचं खरं कौशल्य दिसलं. खालच्या ट्रॅकमध्ये धुळीचा थर बसला होता. शटर ज्या बेअरिंगवर सरकतं, त्यातलं एक झिजून शटर एका बाजूला खाली बसलं होतं. त्यामुळे लॉकचा हूक समोरच्या पट्टीच्या खाचेत न जाता तिच्या काठावर आपटत होता. आपण काय करतो? लागत नाही म्हणून आणखी जोर लावतो. लॉकचे आतले भाग बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले असतात. ते वाकत नाहीत, मोडतात.

त्यात आपला उन्हाळा. यूपीव्हीसी तापलं की वाढतं. एक मीटर लांबीला एका अंशामागे साधारण ०.०७ मिलिमीटर. दीड मीटर उंचीच्या शटरचं तापमान पहाटेपेक्षा दुपारी ३० अंशांनी वाढलं, तर हिशोबाने ३ मिलिमीटरची वाढ होते. आत लोखंडी पट्टी असेल तर थोडी कमी. चौकट भिंतीत जखडलेली आणि शटर मोकळं, म्हणून दोघांचं वाढणं सारखं नसतं. सकाळी गुपचूप लागणारी खिडकी दुपारी अडते, ती यामुळे. नुसती नवी कडी बसवली असती, तर तीही सहा महिन्यांत गेली असती.

त्याने ट्रॅक साफ केला, दुसऱ्या फेरीत बाजारातून लॉक आणि बेअरिंग आणलं, शटर सरळ केलं, लॉक बसवलं. आईने एका बोटाने खिडकी लावली.

मी विचारलं, "किती झाले?"

तो म्हणाला, "द्या सर काय द्यायचं ते."

मी ३०० रुपये दिले. तो हसून गेला. मीही खूश, स्वस्तात काम झालं!

त्या रात्रीचा हिशोब

रात्री सवयीप्रमाणे वहीत खर्च लिहायला बसलो. लॉक आणि बेअरिंग मिळून १४० रुपये. बाजारात जाऊन परत यायचं, दोन फेऱ्यांचं पेट्रोल धरा ५०. हातात उरले ११०. आणि त्याचा वेळ? येणं-जाणं धरून साडेतीन तास. म्हणजे तासाला जेमतेम ३१ रुपये.

मित्रांनो, मी लोकांना किंमत ठरवायला शिकवतो. आणि माझ्याच घरात एका कारागिराने माझं शटर बदलण्याचा खर्च वाचवला, त्याला मी तासाला ३१ रुपये दिले. त्याने मागितले नाहीत म्हणून मी दिले नाहीत. हे मला खरंच लागलं. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं, राहिलेले पैसे दिले आणि म्हटलं, बस, आपण हिशोब करू.

आपल्याकडे संकोच असतो. गिऱ्हाईक ओळखीचं असेल, वयाने मोठं असेल, तर पैसे तोंडाने मागवत नाहीत. पण भाव न सांगितल्याने गिऱ्हाईकही अडचणीत येतं. जास्त दिले की काय, कमी दिले की काय, हे त्यालाही कळत नाही. मग पुढच्या वेळी ते बोलवायला कचरतं.

धुळ्याची फुकट फेरी

दरम्यान माझ्या ताईचा धुळ्याहून फोन आला. ती देवपूरला राहते. तिच्याही खिडकीचं लॉक गेलेलं. मी उत्साहाने त्याचा नंबर दिला आणि तोही उत्साहाने निघाला. जळगाव ते धुळे, एरंडोल-पारोळ्यावरून ९० किलोमीटरच्या वर. एसटीने गेला. पोहोचून बघतो तर काय, लॉक वेगळं! त्याने आणलेल्या लॉकच्या दोन स्क्रूमधलं अंतर ताईच्या खिडकीवरच्या भोकांना जुळेना. तिथल्या दोन दुकानांतही तसं मिळालं नाही. चहा-पोहे खाऊन रिकाम्या हाताने परत. एक दिवस गेला, भाडं गेलं, आणि वर काम न करता पैसे कसे मागायचे म्हणून तेही नाही.

या एका फेरीने त्याला जे शिकवलं, ते मी दहा व्हिडिओत शिकवू शकलो नसतो. आता कोणाचाही फोन आला की तो आधी व्हॉट्सअॅपवर चार फोटो मागवतो:

१. पूर्ण खिडकी, आतून.
२. लॉक जवळून, शेजारी टेप धरून. दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर दिसलं पाहिजे.
३. समोरची पट्टी, जिच्यात हूक अडकतो.
४. शटर बंद करून दोन्ही टोकं. वरची आणि खालची फट सारखी आहे का, ते यात कळतं.

फिरवायचं हँडल असेल तर आतल्या चौकोनी दांडीची जाडी आणि लांबीही विचारायची. चंद्रकोरीसारखं फिरणारं लॉक असेल तर डावं की उजवं, आणि हुकाची उंची किती. मापाशिवाय निघायचं नाही. हे फोटो म्हणजे त्याचं अर्धं काम घरबसल्या.

पुढच्या वेळी ताईच्या बिल्डिंगमधून आधी तीन घरांचे फोटो आले, मगच तो गेला. सामान सोबत होतं. काम चालू असताना शेजारच्या आजी दारात आल्या, "भाऊ, आमनी खिडकी बी लागस नई, देखी ले ना!" एका फेरीत चार खिडक्या झाल्या. लांबच्या गावाला एका कामासाठी जायचं नाही. कामं गोळा करा, वार ठरवा, मग जा.

बसवताना या चुका करू नका

हे काम शिकायला सोपं आहे, पण बिघडवायलाही सोपं आहे.

आधी ट्रॅक ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने साफ करा. पेट्रोल, थिनर वापरू नका, यूपीव्हीसीचा पृष्ठभाग खराब होतो. शटरच्या खालच्या टोकाला बेअरिंग वर-खाली करायचा स्क्रू असेल तर तो फिरवून शटर सरळ करा. कित्येकदा एवढ्यानेच लॉक लागतं आणि नवं घ्यावंच लागत नाही. तसं झालं तर गिऱ्हाइकाला तसं सांगा. तिथे लॉक खपवण्याचा मोह टाळलात, तर ते गिऱ्हाईक कायमचं तुमचं.

लॉक काढण्यापूर्वी फोटो काढा. जुना नग सोबत घेऊनच दुकानात जा. नवीन स्क्रूचे शेवटचे आटे हातानेच पिळा. ड्रिल मशीनने जोरात पिळलं की प्लास्टिकमधले आटे मरतात आणि स्क्रू नुसताच फिरत राहतो. तसं झालंच, तर लाकडात करतात तशी काडी ठोकू नका. थोडा जाड स्क्रू घ्या किंवा आतल्या लोखंडी पट्टीपर्यंत पोहोचेल असा लांब. मात्र काचेकडे आणि आतल्या सरकणाऱ्या भागाकडे तो जाणार नाही, हे आधी तपासा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

समोरची पट्टी दुपारच्या उन्हात जुळवली असेल, तर सकाळी पुन्हा लावून बघायला सांगा. तेल किंवा ग्रीस ट्रॅकमध्ये घालू नका, त्यावर धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे थोडासा पुरे. जाता जाता चौकटीची पाणी बाहेर जाण्याची भोकं मोकळी करा, पावसाळ्यात गिऱ्हाईक आठवण काढेल.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या मजल्यावर काच असलेलं शटर एकट्याने काढायचं नाही. दुसरा माणूस हवाच. खाली कोणी उभं नाही, हे बघायचं. शंभर-दोनशे रुपयांसाठी जीव धोक्यात घालायचा नाही, दुसऱ्याचा तर अजिबातच नाही.

दरपत्रक कसं बनवायचं

आम्ही दोघांनी मिळून कागदावर हे लिहिलं. आकडे नमुना म्हणून घ्या, तुमच्या गावात विचारून तुमचे ठरवा.

• येऊन तपासणी: १५० रुपये. काम झालं नाही तरी लागू. फोनवरच सांगायचं.
• पहिल्या खिडकीची मजुरी: २५० रुपये. त्याच घरात पुढच्या प्रत्येकीला १००.
• सामान: खरेदीवर आपला नफा धरून, बिलात वेगळं दाखवायचं.
• हमी: बसवलेलं निघालं किंवा अडलं तर तीन महिन्यांत मजुरी न घेता दुरुस्ती.

आता माझ्या घराचंच काम धरा. १५० अधिक २५०, आणि १४० चं सामान १८० ला. एकूण ५८०. सामान सोबत असल्याने एकच फेरी, पेट्रोल २५, वेळ दीड तास. खर्च जाऊन उरले ४१५, म्हणजे तासाला पावणेतीनशेच्या आसपास. मुलगा तोच, काम तेच. बदललं काय? फोटो, साठा आणि सांगितलेला भाव.

आणि गिऱ्हाईक महाग म्हणेल का? काही जण म्हणतील. पण ज्याला शटर बदलायला सांगितलं गेलंय, त्याला ५८० मध्ये सुटका मिळते.

सुरुवात कुठून?

लगेच कर्जाच्या मागे लागू नका. आधी स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या मिळून वीस खिडक्या करा. कोणती लॉकं वारंवार लागतात, हे वहीत लिहा, तीच साठ्याला ठेवा. मग उद्यम नोंदणी करा, ती सरकारी पोर्टलवर मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. हत्यारं आणि साठा वाढवायचा असेल तर मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. खिडक्या बसवणाऱ्या मोठ्या फॅब्रिकेटरना भेटा. त्यांना एका खिडकीचं काम नको असतं, तुम्हाला तेच हवंय. ते तुमचे स्पर्धक नाहीत, तुम्हाला काम देणारे होऊ शकतात.

मागच्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीसाठी त्याला परत बोलावलं. काम संपल्यावर आईने विचारलं, "किती झाले रे बेटा?" तो क्षणभर थांबला. मी मुद्दाम गप्प बसलो.

"मावशी, पाचशे ऐंशी."

पुढे काही जोडलं नाही. आईने पर्स उघडली, मोजून दिले, आणि वर त्याचा नंबर शेजारच्या काकूंना पाठवला.

या आठवड्याचं तुमचं काम: तुम्ही जी सेवा देता किंवा देणार आहात, तिचं दरपत्रक एका कागदावर लिहा. मग आरशासमोर उभं राहून तो आकडा मोठ्याने म्हणा. हसू येईल, संकोच वाटेल. वाटू द्या, पण म्हणा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.