नवा कॉम्प्युटर सुरूच होईना, की तापून बंद पडतोय?



ग्रामसंघाच्या कार्यालयात आता कॉम्प्युटर आलाय. गटांच्या नोंदी, कर्ज प्रस्ताव, बँकेला द्यायच्या याद्या, ऑनलाईन फॉर्म, सगळं त्याच्यावर व्हायला लागलंय. पण नवं मशीन आलं, हळदकुंकू वाहून पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर काहीच नाही, असंही होतं. किंवा सुरू होतं आणि पंधरा-वीस मिनिटांत आपोआप बंद पडतं.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट होते. "आपल्याला त्यातलं काय कळतंय?" म्हणून मशीन महिनाभर झाकून ठेवलं जातं. नाहीतर गावातल्या एखाद्या पोराला बोलावून ते उघडलं जातं आणि मग दुकानदार म्हणतो, "तुम्ही उघडलंत, आता वॉरंटी नाही." दोन्हीत नुकसान आपलंच आहे. मशीन आपल्या पैशाचं आहे आणि त्यात आपल्या सगळ्या बायांचे कागद आहेत.

खरं सांगायचं तर आपण घरी हे काम रोज करतो. मिक्सर चालेना तर आधी काय बघता? लाईट आहे का, पिन नीट बसली का, भांडं बसलं का, आणि तापून बंद पडला असेल तर थोडं थांबून खालचं लाल बटण दाबता. कॉम्प्युटरलाही हाच क्रम लावायचा. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं.

आधी नावं नीट समजून घेऊ

आपण ज्या पेटीला सीपीयू म्हणतो, ती खरं तर कॅबिनेट आहे. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत असतो. बिस्किटाएवढी चिप असते ती. पेटीत जिथं मागून जाड काळी वायर लागते, तो डबा म्हणजे एसएमपीएस. घरातली २३० व्होल्टची वीज कमी करून तो आतल्या भागांना देतो. स्क्रीन म्हणजे मॉनिटर. आणि लाईट गेल्यावर काम सेव्ह करून मशीन बंद करायला थोडी मिनिटं देतो तो यूपीएस. त्याच्यावर तासभर काम करायचं नसतं.

बटण दाबलं, पण काहीच झालं नाही

भिंतीपासून सुरुवात करा.

१. ज्या बोर्डात वायर लावलीय, तिथंच मोबाईलचा चार्जर लावून बघा. चार्जिंग होत नसेल तर दोष कॉम्प्युटरचा नाही, बोर्डाचा आहे.

२. नवा यूपीएस आल्या आल्या वापरू नका. सहा ते आठ तास चार्ज होऊ द्या. काही यूपीएसमध्ये बॅटरीची वायर वाहतुकीसाठी सुटी ठेवलेली असते. ती जोडली का, हे बसवायला आलेल्या माणसाला विचारा. शंका असेल तर कॉम्प्युटरची वायर थोडा वेळ थेट भिंतीच्या बोर्डात लावून बघा. सुरू झाला तर गडबड यूपीएसची आहे.

३. पेटीच्या मागची जाड वायर घट्ट दाबून बसवा. मॉनिटरची वायर तशीच असेल तर दोन्हींची अदलाबदल करून बघा.

४. त्या वायरीजवळ एक छोटा स्विच असतो. त्यावर उभी रेघ आणि गोल अशा खुणा असतात. रेघेची बाजू दाबलेली म्हणजे चालू, गोलाची म्हणजे बंद. कित्येकदा झाडलोट करताना हाच स्विच दाबला जातो.

५. तरी नाही झालं, तर वायर काढा, पुढचं बटण वीस सेकंद दाबून धरा, मग वायर लावून परत सुरू करा.

एवढं करूनही पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, तर दोष आत आहे. इथं आपलं काम थांबतं आणि दुकानदाराचं सुरू होतं.

पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी

मॉनिटरला त्याचं वेगळं बटण आणि वेगळी वीज असते. त्याचा दिवा लागलाय का, ते बघा. स्क्रीनवर "नो सिग्नल" असं आलं तर मॉनिटर चालू आहे, पण पेटीकडून त्याच्यापर्यंत काही पोचत नाहीये. मधली वायर दोन्ही टोकांना काढून परत नीट बसवा.

"नो बूटेबल डिव्हाइस" असं काही आलं, तर घाबरू नका. एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का, ते बघा. तो काढून पुन्हा सुरू करा.

मशीन सुरू होताना टूं-टूं असा आवाज येत असेल तर किती वेळा आला, लांब होता की छोटा, हे लिहून ठेवा. तो आवाज म्हणजे मशीनची तक्रार असते. प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा, पण दुरुस्ती करणाऱ्याला त्यावरून पटकन कळतं. खड्ड्यांतून आलेल्या नव्या मशीनमध्ये रॅमची पट्टी किंवा आतली एखादी वायर सैल झालेली असू शकते. दोन मिनिटांचं काम असतं, पण वॉरंटीत ते त्यांच्याकडूनच करून घ्या.

सुरू होतो, पण तापून बंद पडतो

प्रोसेसर काम करताना तापतो. त्याच्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा असतो. मध्ये राखाडी पेस्ट लावलेली असते, म्हणजे उष्णता ठोकळ्यात नीट जाते. ती बाहेर पडली नाही तर मशीन आधी हळू चालतं, आणि प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून स्वतःच बंद होतं. म्हणजे असं बंद पडणं ही त्याची राखण आहे. पण पुन्हा पुन्हा होऊ द्यायचं नाही.

पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४२-४३ अंश असतील, तर पेटीचं आतलं तापमान त्याहून जास्तच राहणार. म्हणून बाहेरची कारणं आधी बघा. धूळ बसू नये म्हणून घातलेलं प्लॅस्टिकचं कव्हर मशीन चालू असताना तसंच आहे का? पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात आहे का? भिंतीला चिकटलीय का? खिडकीतून ऊन येतंय का? बाजूला पिठाची गिरणी आहे का? पेटीच्या मागे वीतभर जागा सोडा. काम झाल्यावर मशीन गार होऊ द्या आणि मगच कव्हर घाला.

हे सगळं ठीक असूनही नवं मशीन तापत असेल तर बसवण्यात चूक असू शकते. ठोकळ्याचा एखादा पाय सुटलेला असतो, खालचं प्लॅस्टिकचं पापुद्र्यासारखं कागद काढायचं राहिलेलं असतं, नाहीतर पंख्याची वायर लावलेली नसते. सुरू होताना "सीपीयू फॅन एरर" असं आलं, तर लगेच बंद करा आणि दुकानात कळवा.

कधी बंद पडतं, यावरूनही कारण कळतं:

- दहा-वीस मिनिटांनी बंद पडतं आणि अर्धा तास गार झाल्यावर पुन्हा चालतं: उष्णता.
- लाईट चमकली की लगेच बंद पडतं: यूपीएस किंवा त्याची बॅटरी.
- प्रिंट काढताना बंद पडतं: लेझर प्रिंटर यूपीएसला जोडलाय. तो जास्त वीज ओढतो, त्याला थेट भिंतीच्या बोर्डात लावा.

या गोष्टी करायच्या नाहीत

एसएमपीएसचा डबा कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. ओला फडका, तोंडाची फुंकर नको. बाहेरच्या जाळीवरची धूळ मशीन बंद करून, वायर काढून, कोरड्या ब्रशने झाडा. पेटीला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही. आधी वायरमनला बोलवा, तोवर मशीन लावू नका. जळका वास आला तर थेट बोर्डाचं बटण बंद करा.

दुकानात पाठवण्याआधी

बिल, वॉरंटी कार्ड आणि पेटीच्या मागचा सिरीयल नंबर एका फाईलमध्ये ठेवा. मॉनिटर, यूपीएस आणि बॅटरीची वॉरंटी वेगवेगळी असू शकते, तारखा वाचून घ्या. वॉरंटीचं सील कुणालाही तोडू देऊ नका.

मशीन नेताना दुकानदाराकडून लेखी पावती घ्या. त्यावर सिरीयल नंबर, तक्रार आणि तारीख हवी. आत आपल्या सदस्यांचे आधार क्रमांक, पासबुकाच्या प्रती आहेत, हे विसरू नका. "विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही" हे पावतीवरच लिहून घ्या. आणि दर आठवड्याला सगळ्या फाईलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन कपाटात कुलपात ठेवा. मग मशीन दुकानात गेलं तरी कर्ज प्रस्ताव अडणार नाही.

दुकानदार वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. फोनला पैसे लागत नाहीत. बिल हातात घेऊन बोला.

पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा: मशीनची एक वही घाला आणि हा क्रम दोघीजणींनी करून बघा. फक्त लेखापाल ताईंवर सोडू नका. त्या रजेवर असल्या तरी कार्यालय चालायला हवं.

– आपली क्षेत्र समन्वयक